फ्लँज कोऱ्या कागदावर काढता आला पाहिजे

पत्र : मी बार्शीची. मेकॅनिकलचा डिप्लोमा ६८ टक्क्यांनी पूर्ण केला. सोलापूरजवळ चिंचोळी एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये दीड वर्ष इन्स्पेक्शनला, म्हणजे तयार भाग मोजून तपासायला, होते. आईच्या ऑपरेशनमुळे काम सोडलं आणि आठ महिने घरी आहे. गेल्या महिन्यात दोन मुलाखती दिल्या, दोन्हीकडे निवड झाली नाही. ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’ म्हटलं की पाठ केलेलं सगळं विसरते. एके ठिकाणी सात क्यूसी टूल्सची, म्हणजे दोष शोधायच्या सात ठरलेल्या पद्धतींची, नावं धडाधड सांगितली, पण ‘यातलं तुम्ही काय वापरलंत?’ असं विचारल्यावर गप्प झाले. पगाराचं विचारलं तेव्हा ‘तुम्ही द्याल तो’ म्हणाले. आता बारा दिवसांनी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत इनप्रोसेस क्वालिटीसाठी, म्हणजे माल बनत असतानाच तपासायच्या कामासाठी, मुलाखत आहे. माझ्या अनुभवात सांगण्यासारखं काही नाही, दीड वर्ष रोज फ्लँज आणि बुशच तपासत होते, म्हणजे भाग जोडायच्या भोकांच्या चकत्या आणि छोट्या पोकळ नळ्या. एक कन्सल्टन्सी तीन हजार रुपये भरले तर ‘शंभर टक्के लावून देतो’ म्हणते. काय करू?

उत्तर : नमस्कार. ‘दीड वर्ष रोज फ्लँज आणि बुशच तपासत होते’ हे वाक्य तुम्ही तक्रारीसारखं लिहिलंय. तुमची मुलाखत या एका वाक्यावर उभी राहणार आहे, म्हणून आधी त्याचंच बोलू.

समोर बसणारा क्वालिटीचा माणूस तुमच्या स्मरणशक्तीची परीक्षा घ्यायला आलेला नसतो. त्याच्या डोक्यात एकच चिंता असते. सेकंड शिफ्टला रात्री साडेदहाला लाइनवर ही मुलगी एकटी असेल, एक पीस मापाबाहेर निघेल, डिस्पॅचची गाडी गेटवर उभी असेल, तेव्हा ही काय करेल? सात टूल्सची नावं ऐकून त्याला याचं उत्तर मिळत नाही, म्हणून तो ‘तुम्ही काय वापरलंत?’ असं विचारतो. तिथे गप्प झालात म्हणजे तुम्हाला येत नव्हतं असं नाही. नावं पुस्तकातून आली होती आणि काम हातात होतं, दोघांची गाठ कधी घालून दिलेली नव्हती. पुढच्या बारा दिवसांत तेवढी गाठ घालायची आहे.

त्यासाठी एकच पार्ट निवडा. फ्लँज घ्या, कारण त्यात मधलं गोल भोक म्हणजे बोअर आहे, सपाट बाजू म्हणजे फेस आहे, पीसीडीवरची म्हणजे एका वर्तुळावर मांडलेली भोकं आहेत, म्हणजे विचारण्यासारखं सगळं आहे. तो कोऱ्या कागदावर पेन्सिलने काढा : समोरून, मधोमध कापून, मुख्य मापं आणि टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, यांसह. दोन मिनिटांत काढता येईपर्यंत रोज काढा. जुन्या कंपनीच्या ड्रॉइंगचा फोटो मोबाइलमध्ये असला तरी तो मुलाखतीत दाखवू नका. ते ड्रॉइंग ग्राहकाच्या मालकीचं असतं, आणि आज त्यांचं दाखवणारा माणूस उद्या आमचंही दाखवेल असा विचार समोरचा करणारच. ग्राहकाचं नाव न घेता हाताने काढलेलं ढोबळ चित्र पुरेसं आहे.

मग त्या एका चित्राला जितके प्रश्न विचारता येतील तितके स्वतःला विचारा. उदाहरण म्हणून बोअर २५ एच७ धरू, म्हणजे व्यास २५ मिलिमीटर आणि एच७ हा टॉलरन्सचा ठरलेला दर्जा; तुमचं माप वेगळं असेल तर तक्त्यातून तुमचे आकडे काढा. २५ एच७ म्हणजे खालची मर्यादा २५.०००, वरची २५.०२१, एकूण टॉलरन्स २१ मायक्रॉन. पहिला प्रश्न हमखास येतो : हा बोअर व्हर्नियरने तपासाल का? नाही. नेहमीच्या व्हर्नियरचा लीस्ट काउंट ०.०२ मिलिमीटर, म्हणजे २० मायक्रॉन, जवळजवळ पूर्ण टॉलरन्सएवढा. मोजणारं साधन टॉलरन्सच्या दहाव्या भागापर्यंत वाचणारं असावं, असा शॉपमधला साधा नियम आहे. इथे दहावा भाग म्हणजे साधारण दोन मायक्रॉन, म्हणून एक मायक्रॉनचा डायल असलेला बोअर गेज लागतो, आणि तो नेमक्या मापाच्या नमुना कड्यावर, म्हणजे २५.००० च्या मास्टर रिंगवर, झिरो करूनच वापरायचा. ‘बोअर गेजने तपासते’ एवढ्यावर थांबू नका. ‘शिफ्टच्या सुरुवातीला रिंगवर झिरो बघते, मध्ये गेज पडला किंवा आपटला तर पुन्हा बघते’ हे वाक्य फक्त काम केलेल्या माणसाच्या तोंडून निघतं.

दुसरा प्रश्न प्लग गेजचा, म्हणजे भोकात घालून बघायच्या ठरावीक मापाच्या दांड्याचा; त्याची गो बाजू आत जायला हवी, नो-गो जायला नको. गो बाजू कोणत्या मापाची? बोअरसाठी गो खालच्या मर्यादेची, २५.०००, आणि नो-गो वरच्या मर्यादेची, २५.०२१. बाहेरच्या व्यासाला, म्हणजे शाफ्टला, हे उलटं होतं : गो वरच्या मर्यादेची. घाईत निम्मे लोक इथे चुकतात. लक्षात ठेवायची युक्ती अशी, की ज्या मर्यादेला जॉबमध्ये, म्हणजे तपासायच्या पार्टमध्ये, मटेरियल जास्तीत जास्त असतं ती गो.

तिसरा प्रश्न जरा अनुभवी माणूस विचारेल : बोअर गेज ओके दाखवतोय, पण गो गेज आत जात नाही, असं का? दोन-तीन कारणं सांगता आली पाहिजेत. बोअरच्या तोंडाला बर, म्हणजे कापताना उरलेली धारदार कड, राहिली असेल किंवा आत चिप, म्हणजे धातूचा कीस, अडकली असेल. किंवा तीन जॉच्या चकमध्ये, म्हणजे मशीनच्या पकडीत, जॉब जास्त दाबाने पकडला असेल, मग मशीनवर गोल निघालेला बोअर चक सोडल्यावर तीन बाजूंनी किंचित वेडावाकडा होतो. दोन टोकांवर टेकणारा बोअर गेज हा दोष पकडत नाही, कारण कुठेही फिरवला तरी व्यास जवळपास तेवढाच येतो. प्लग गेज मात्र अडकतो. फ्लँजची भिंत पातळ असेल तर हे तुम्ही पाहिलं असण्याची शक्यता बरीच आहे. आठवून बघा.

आणि एक गोष्ट सोलापूर भागात काम केलेल्या माणसाला सांगायला हवी : तापमान. मापांचं प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस आहे. स्टील दर मीटरला दर अंशाला साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढतं. मशीनमधून नुकताच काढलेला जॉब मास्टर रिंगपेक्षा १५ अंशांनी गरम असेल, तर २५ च्या बोअरमध्ये चारेक मायक्रॉनचा फरक पडतो. २१ मायक्रॉनच्या टॉलरन्सचा हा पाचवा भाग झाला. म्हणून जॉब धुऊन, थोडा थंड करून, रिंगच्या शेजारी ठेवून मग मोजायचा. उन्हाळ्यात सकाळची आणि दुपारची रीडिंग वेगळी यायची, हे तुम्ही अनुभवलंच असेल. आता त्यामागचा आकडाही हाताशी ठेवा.

आता सगळ्यात जास्त वजनाचा प्रश्न. कुठल्याही शब्दांत येईल, पण येईलच : पीस नॉट ओके निघाला, काय कराल? ‘सुपरवायझरला सांगेन’ हे अर्धं उत्तर झालं. पूर्ण उत्तर आकड्यांनिशी द्या. समजा, दर तासाला पाच पीस तपासायचे आहेत. दहा वाजता पाचही ओके होते, अकराला एक बोअर २५.०२७ निघाला. आधी तोच पीस पुन्हा मोजायचा, गेजचा झिरो बघायचा. चूक गेजची नाही याची खात्री झाली की मशीन थांबवायला सांगायचं. पीसला लाल टॅग लावून तो रेड बिनमध्ये टाकायचा आणि सुपरवायझरला कळवायचं. त्यानंतरचा भाग बहुतेक उमेदवार विसरतात : दहा ते अकरा या वेळेत निघालेले सगळे पीस संशयित. एका पीसला तीन मिनिटं लागत असतील तर ते वीसेक होतात. ते बाजूला काढायचे, पुढच्या ऑपरेशनला गेले असतील तर तिथून परत आणायचे आणि शंभर टक्के तपासायचे. बोअर मोठा असेल तर तो पीस गेला, लहान असेल तर रिवर्क होऊ शकतो. कारण सापडून दुरुस्त झालं की नव्या सेटिंगचा पहिला पीस पुन्हा मंजूर करायचा आणि मगच मशीन चालू. हे सगळं रिपोर्टमध्ये वेळेसह लिहायचं.

कारण काय असू शकतं, हे ते विचारतीलच. इन्सर्ट, म्हणजे टूलला लावलेलं कापणारं पातं, झिजत गेला की टूलचं टोक मागे सरकतं आणि बोअर लहान होत जातो, म्हणून ऑपरेटर ऑफसेट, म्हणजे टूल पुढे घ्यायची दुरुस्ती, देत राहतो. नवा इन्सर्ट बसवल्यावर तो जुना ऑफसेट तसाच राहिला तर पुढचा बोअर एकदम मोठा निघतो. म्हणून इन्सर्ट बदलल्यावरचा पहिला पीस तपासल्याशिवाय लॉट पुढे जाऊ द्यायचा नाही, हा उपाय. ‘ऑपरेटरने लक्ष द्यायला हवं होतं’ असं उत्तर देऊ नका. क्वालिटीच्या मुलाखतीत माणसाला दोष दिला की पुढचा प्रश्न येतो, ‘मग उद्या दुसरा ऑपरेटर असेल तर?’

याच प्रश्नाला जोडून एक सापळा असतो : ‘साहेब म्हणाले, चालतंय, पाठव. मग?’ इथे भांडखोर दिसायचं नाही आणि लोटांगणही घालायचं नाही. ‘मी ओकेचा शिक्का मारणार नाही. खरं रीडिंग लिहून वरिष्ठांना देईन. ग्राहकाची लेखी परवानगी आली तर तो माल तशी नोंद करून जाईल.’ एवढं शांतपणे म्हणा आणि थांबा.

सात क्यूसी टूल्सचं आता सोपं होईल. सातही वापरल्याचा आव आणू नका, दोन धरा. चेकशीट तर तुम्ही रोज भरत होता. फॉरमॅटला ते नाव छापलेलं नसेल एवढंच. दुसरं पॅरेटो. महिन्याच्या रिजेक्शनमध्ये बोअरचे किती, डेंटचे किती, ड्रिलिंगचे किती, गंजाचे किती, हे आठवून उतरत्या क्रमाने लिहा. समजा ८४ पैकी ४६ बोअरचे आणि १९ डेंटचे निघाले, तर दोन कारणांत ६५, म्हणजे ७७ टक्के. मग काम कुठून सुरू करायचं ते कागदच सांगतो. आकडे तुमचेच असू द्या आणि नक्की आठवत नसेल तर ‘साधारण’ म्हणा. बनवलेला आकडा दुसऱ्याच प्रश्नाला उघडा पडतो, कारण ‘महिन्याचं उत्पादन किती होतं?’ असं विचारून समोरचा टक्केवारी काढतो. तुम्हीही पीपीएम, म्हणजे दहा लाखांत किती खराब, ते काढायला शिकून जा : ४,००० मध्ये १२ रिजेक्ट म्हणजे ३,००० पीपीएम.

सीपी म्हणजे मापांचा पसारा टॉलरन्समध्ये किती आरामात बसतो, आणि सीपीके म्हणजे सरासरी किती सरकली तेही धरून. यांतला फरक व्याख्येने सांगू नका, याच बोअरवर सांगा. टॉलरन्स २१ मायक्रॉन, सिग्मा, म्हणजे मापांच्या पसाऱ्याचा आकडा, अडीच मायक्रॉन : २१ भागिले सहा सिग्मा म्हणजे १५, सीपी १.४०. छान दिसतंय. पण सरासरी मधल्या २५.०१०५ वर नसून पाच मायक्रॉन वर सरकलेली आहे. मग वरच्या मर्यादेपर्यंत साडेपाचच मायक्रॉन उरले, त्याला तीन सिग्मा म्हणजे साडेसातने भागलं की सीपीके ०.७३. मशीनची ताकद आहे, नेम चुकला आहे. १.३३ च्या खाली सीपीके ग्राहक सहसा मान्य करत नाहीत आणि महत्त्वाच्या मापांना १.६७ मागतात. हे गणित कागदावर एकदा करून दाखवलंत तर बाकी थिअरी फारशी विचारली जात नाही.

एपीक्यूपी (नव्या पार्टचं क्वालिटी नियोजन), पीपॅप (पार्टला ग्राहकाची मंजुरी), एफएमईए (काय बिघडू शकतं याचा आधीच विचार), एमएसए (मोजण्याच्या पद्धतीची तपासणी), एसपीसी (आकड्यांवरून प्रक्रियेवर नजर) ही पाच कोअर टूल्स आणि आयएटीएफ १६९४९ हे वाहन उद्योगाचं क्वालिटी स्टँडर्ड, यांची पूर्ण नावं आणि प्रत्येकाचा उपयोग दोन वाक्यांत सांगता यावा, एवढंच करा. एमएसएमध्ये गेज आर अँड आर, म्हणजे पुन्हा मोजलं किंवा माणूस बदलला तर रीडिंग किती बदलतं, हे कसं घेतात तेवढं नीट बघून ठेवा : दहा पीस, तीन माणसं, प्रत्येकी तीन वेळा, नव्वद रीडिंग. चूक १० टक्क्यांच्या आत तर गेज चांगला, १० ते ३० मध्ये परिस्थिती बघून, ३० च्या वर चालणार नाही. जे हाताने केलेलं नाही त्याला सरळ म्हणा, ‘पीपॅपची फाइल मी बनवलेली नाही, पण त्यात लागणारे डायमेन्शन रिपोर्ट मी भरले आहेत.’ भरले असतील तरच.

काही कंपन्या टेबलावर व्हर्नियर, मायक्रोमीटर आणि एखादा जॉब ठेवतात. आठ महिने साधन हातात नाही, तर हात बसलेला नसतो. तुमच्या पॉलिटेक्निकच्या मेट्रोलॉजी लॅबमध्ये सरांना विचारून दोन दुपार जाऊन या. उचलल्यावर पहिल्यांदा जबडे पुसायचे, झिरो एरर बघायची, मायक्रोमीटर रॅचेटनेच फिरवायचा, एक माप दोन-तीन ठिकाणी घ्यायचं. बघणारा रीडिंगच्या आधी हे बघतो. झिरो एरर अधिक असेल तर वजा करायची, उणे असेल तर मिळवायची. ड्रॉइंग हातात दिलं तर मापांकडे धावण्याआधी टायटल ब्लॉक वाचा : पार्ट नंबर, रिव्हिजन, मटेरियल, जनरल टॉलरन्स. जुन्या रिव्हिजनच्या ड्रॉइंगवर तपासलेला अख्खा लॉट परत येतो, हे क्वालिटीच्या प्रत्येक माणसाला ठाऊक असतं. तुम्ही रिव्हिजन नंबर मोठ्याने वाचलात की त्याला बरं वाटतं.

आता स्वतःची ओळख. ती विसरते, कारण ती पाठ केलेली आहे, आणि बहुधा दुसऱ्या कुणाच्या इंग्रजीत. ‘हार्डवर्किंग’, ‘टीम प्लेअर’, ‘छंद : वाचन’ हे सगळं काढून टाका. चिठ्ठीवर फक्त पाच शब्द लिहा : बार्शी, डिप्लोमा, फ्लँज, बोअर, चाकण. प्रत्येक शब्दावर एक-दोन वाक्यं, रोज वेगळ्या शब्दांत. सगळं मिळून मिनिट-सव्वा मिनिट. मराठीत ते असं होईल :

‘मी बार्शीची, मेकॅनिकल डिप्लोमा केला आहे. त्यानंतर दीड वर्ष चिंचोळी एमआयडीसीत सीएनसी टर्निंगच्या लाइनवर इन्स्पेक्शनला होते. मुख्यतः फ्लँज आणि बुश, शिफ्टला सुमारे इतके पीस. बोअर गेज, मायक्रोमीटर, हाइट गेज आणि प्लग गेज रोज वापरत होते. तिथे इन्सर्ट बदलल्यावर बोअर मोठा होण्याचा प्रश्न होता, त्याची नोंद मी ठेवायला लागले. आता मला इनप्रोसेसमध्येच पुढे जायचं आहे, म्हणून या जागेसाठी आले.’

नोंद ठेवण्याचं वाक्य तुमच्याकडे जे खरं घडलं त्यानेच बदला. इंग्रजीतून सांगायचं झालं तर छोटी वाक्यं : ‘आय चेक्ड टर्न्ड फ्लँजेस. आय यूज्ड बोअर गेज अँड मायक्रोमीटर.’ एवढ्या इंग्रजीवर शॉपफ्लोअरची मुलाखत निभावते. अडलात तर ‘सर, हे मी हिंदीत किंवा मराठीत जास्त नीट सांगू शकेन, चालेल का?’ असं एकदा विचारा. चाकणमध्ये तांत्रिक फेरीत बरेच जण स्वतःहून हिंदीवर येतात. रिपोर्ट आणि मेल मात्र इंग्रजीत लिहावे लागतात, म्हणून घरी रोज चार ओळींचा रिजेक्शन रिपोर्ट इंग्रजीत लिहायचा सराव ठेवा. फोनवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून ऐका. पहिल्या दिवशी ऐकवणार नाही, चौथ्या दिवशी वेग आपोआप कमी होतो.

आठ महिन्यांच्या गॅपला दोन वाक्यं पुरेत. ‘आईचं ऑपरेशन होतं, तिची काळजी घ्यायला घरी थांबले. आता तिची तब्येत ठीक आहे आणि मी चाकणला राहायला येऊ शकते.’ दुसरं वाक्य विसरू नका, समोरच्याला खरी माहिती तीच हवी असते. लाज वाटण्यासारखं यात काहीही नाही. रेझ्युमेवर तारखा सरकवून गॅप लपवू नका. पीएफच्या नोंदीत शेवटचा महिना दिसतो. जुनी कंपनी का सोडली याचंही उत्तर हेच, तिथल्या साहेबांबद्दल एक शब्दही नको.

लग्नाचं विचारतील. हा प्रश्न मुलींनाच विचारला जातो, तो योग्य नाही, पण बारा दिवसांत तो बदलणार नाही, म्हणून उत्तर तयार ठेवा : ‘सध्या नोकरीवर लक्ष आहे. शिफ्ट आणि राहण्याची तयारी करूनच आले आहे.’ तपशिलात शिरू नका. उलट तुम्ही शिफ्टचं विचारा : रात्रपाळी आहे का, असेल तर कंपनीची गाडी दारापर्यंत सोडते की थांब्यापर्यंत. हे विचारण्यात कमीपणा नाही.

पगाराचं ‘तुम्ही द्याल तो’ हे उत्तर नम्र वाटतं, पण त्यातून समोरच्याला कळतं की यांनी हिशेबच केलेला नाही. आधी दोन आकडे काढा. एक, चाकणमध्ये कॉट बेसिसवर राहणं, मेस, बस आणि घरी पाठवायची रक्कम मिळून महिन्याला किमान किती लागतात. दोन, तुमच्याच बॅचचे कोणी तिथे असतील तर त्यांच्या हातात किती पडतात. फोन करून विचारा, मित्रमैत्रिणी सांगतात. मग ‘इतके ते इतके, इनहँड’ असं म्हणा.

इनहँड हा शब्द मुद्दाम वापरा, कारण तुम्हाला सांगतील ते सीटीसी, म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च. हिशेब बघा. ग्रॉस २०,०००, त्यात बेसिक १२,००० धरू. तुमच्या पगारातून पीएफ १२ टक्के म्हणजे १,४४० आणि ईएसआय पाऊण टक्का म्हणजे १५० कापले जातात. महाराष्ट्रात महिलांना २५,००० पर्यंत प्रोफेशनल टॅक्स नाही. हातात १८,४१०. कंपनी मात्र आपला पीएफचा वाटा १,४४०, ईएसआय सव्वातीन टक्के म्हणजे ६५० आणि ग्रॅच्युइटी सुमारे ५७७ धरून महिन्याचं सीटीसी २२,६६७ दाखवते, वर्षाचं २ लाख ७२ हजार. ‘पावणेतीन लाखांचं पॅकेज’ ऐकून तेवीस हजारांची जुळवाजुळव करून बसाल आणि हातात साडेअठराही पडणार नाहीत. कॅन्टीन आणि बसचे पैसे कापतात का, ते वेगळं विचारा. त्याहून महत्त्वाचं : नेमणूक कंपनी रोलवर आहे, कॉन्ट्रॅक्टरच्या रोलवर आहे, की ट्रेनी म्हणून? ट्रेनी असेल तर किती महिने आणि नंतर काय? एचआरला हे विचारायला संकोच वाटला तरी विचाराच.

कन्सल्टन्सीला तीन हजार देऊ नका. प्रामाणिक कन्सल्टन्सीला तिची फी कंपनीकडून मिळते. रजिस्ट्रेशन, युनिफॉर्म, मेडिकल, गेट पास अशा कुठल्याही नावाखाली उमेदवाराकडून आधी पैसे मागितले जातात तिथे पुढे बहुधा नोकरी नसतेच. तुमची मुलाखत ठरलेली आहे, मग पैसे कशाचे?

बारा दिवसांचं म्हणाल तर पहिले चार फ्लँजला द्या, दोन दुपार लॅबला, उरलेल्यांत कोअर टूल्स, ओळख आणि एखाद्या ओळखीच्या माणसासमोर दोनदा सराव मुलाखत. कंपनी काय बनवते, तिचे ग्राहक कोण, प्रक्रिया कोणती, कास्टिंग की मशीनिंग की प्रेस, हे तिच्या संकेतस्थळावरून एका संध्याकाळी बघून होतं. प्रेस शॉप असेल तर बोअरपेक्षा बर, क्रॅक आणि चेकिंग फिक्स्चरचे प्रश्न येतील, त्याप्रमाणे वळा. शेवटच्या दिवशी नवीन काही वाचू नका.

आदल्या दिवशीच पुण्यात पोहोचा. बार्शीहून एसटीला पाच-सहा तास लागतात. रात्रीच्या गाडीने येऊन सकाळी थेट मुलाखतीला बसलं की पहिल्या दहा मिनिटांतच डोकं चालेनासं होतं. ‘चाकण’ एवढाच पत्ता धरून निघू नका. महाळुंगे, निघोजे, खालुंब्रे, कुरुळी सगळ्यालाच चाकण एमआयडीसी म्हणतात आणि अंतरं बरीच आहेत. एचआरकडून गेटचं लोकेशन मागून घ्या. नाशिक फाट्यापासून पुढे सकाळी शिफ्टच्या वेळेला रस्ता तुंबतो, म्हणून भोसरीहून निघायची वेळ एक तास आधीची धरा. गेटवर ओळखपत्र, नोंद, मोबाइलच्या कॅमेऱ्याला स्टिकर यात अर्धा तास सहज जातो. पाय झाकणारे बूट घाला, ओढणी किंवा सैल दुपट्टा टाळा, केस बांधा. मुलाखतीनंतर शॉप दाखवायला नेलं तर चपलेवर आत सोडत नाहीत. फाइलमध्ये रेझ्युमेच्या तीन प्रती, सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट, डिप्लोमा प्रमाणपत्र, अनुभवाचं पत्र, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगारस्लिपा, आधार, पॅन, चार फोटो. आणि कोरे कागद, पेन्सिल, खोडरबर.

शेवटी ते म्हणतील, ‘तुम्हाला काही विचारायचंय?’ ‘नाही सर’ म्हणू नका. एका शिफ्टला किती मशीनवर एक इन्स्पेक्टर असतो, सध्या सगळ्यात जास्त रिजेक्शन कोणत्या पार्टला आहे, सुरुवातीचे किती दिवस कोणाच्या हाताखाली शिकायला मिळेल, यातले दोन विचारा. उत्तर नीट ऐका. बोअरचं काही निघालं तर तुमच्याकडे बोलण्यासारखं आहेच.

निवड झाली आणि त्याच दिवशी सही करा म्हणाले, तर कागद वाचायला एक रात्र मागून घ्या. बाँड असेल तर किती महिन्यांचा आणि मध्ये सोडल्यास किती रक्कम, हे त्यात लिहिलेलं असतं. मूळ मार्कशीट दाखवा, झेरॉक्स द्या, मूळ कागद कुणाकडेही ठेवू नका. निवड झाली नाही तरी परतीच्या एसटीत, कुर्डुवाडी यायच्या आत, विचारलेले सगळे प्रश्न वहीत लिहून काढा, जिथे अडखळलात त्यावर खूण करा आणि ते आम्हाला कळवा.